मार्चमध्ये ठरवून बंद होणारी परसबाग

शाळेतली परसबाग मरते ती बहुतेक मे महिन्यात. सुट्टी लागते, पाणी घालणारे हात घरी जातात, आणि रानात कुठेच हिरवं उरलेलं नसतं तेव्हा वाडीतल्या शेळ्यांना ते शाळेच्या आवारात सापडतं. जूनमध्ये दार उघडलं की वाळलेले बुडखे आणि भिंतीवर रंगवलेलं ‘आमची परसबाग’ एवढंच शिल्लक असतं. मग पुन्हा कुदळ, पुन्हा रोपं, पुन्हा पहिल्यापासून. हे मी बऱ्याच शाळांत पाहिलं आहे. म्हणून ज्या एका शाळेने यातून बाहेर पडायचा सरळ रस्ता काढला, तिची हकिगत सविस्तर मांडते आहे. त्या शाळेने ठरवलं की बाग मार्चमध्ये आपणच बंद करायची: बी धरायचं, वाफे झाकायचे, वही पूर्ण करायची. आणि जूनमध्ये पावसाबरोबर पुन्हा उघडायची.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातली. पट चाळीसच्या आतबाहेर. शिक्षक दोन: मुख्याध्यापकाचं काम पाहणारे गुरुजी आणि बाई. दोघांकडे दोन-दोन वर्ग. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी वाडीतल्याच. आजूबाजूला भात, नागली, वरई. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा कोसळतो की समोरचा डोंगर आठवडाआठवडा दिसत नाही. आणि फेब्रुवारी सरता सरता विहिरीचा तळ दिसायला लागतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या भागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

या शाळेत आधीही बाग होती. ती दरवर्षी जानेवारीत सुरू व्हायची, कारण पाहणी, स्पर्धा, फोटो हे सगळं वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत येतं. बाजारातून टोमॅटोची, वांग्याची, फुलकोबीची रोपं आणायची आणि ऐन पाणी आटण्याच्या दिवसांत ती जगवायची धडपड करायची. मार्चमध्ये बायका दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन शाळेसमोरून जात असताना आत मुलं फुलकोबीला पाणी घालताहेत, हे चित्र बाईंना खुपत होतं. ‘हे मुलांना काय शिकवतंय?’ असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मला वाटतं, सगळा बदल या एका प्रश्नातून निघाला.

कागदावर पाहिलं तर शाळेच्या परसबागेला पाठिंबा भक्कम आहे. देशभरातली मध्यान्ह भोजन योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, २०२१ मध्ये तिचं नाव ‘प्रधानमंत्री पोषण’ झालं, आणि शाळांमधल्या पोषण-बागांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या. त्या सूचनांत वाईट काही नाही. पण बागेतून नेमकं किती मिळणार याचा हिशेब आधी मांडला नाही तर अपेक्षा भलतीकडे जाते. तो हिशेब गुरुजींनी जूनमध्ये चौथीच्या मुलांकडूनच फळ्यावर करून घेतला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी द्यायची असते. चाळीस मुलं गुणिले पन्नास ग्रॅम, म्हणजे दिवसाला दोन किलो. वर्षात शाळेचे कामाचे दिवस किमान दोनशे. दोनशे गुणिले दोन, म्हणजे चारशे किलो, चार क्विंटल भाजी. आणि शाळेकडे जागा जेमतेम अर्धा गुंठा, तीही मुरमाड, खेळून खेळून टणक झालेली.

एवढ्या जागेतून रोजची भाजी निघणार नाही, हे त्या गणिताने पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं, आणि ते फार बरं झालं. मावशींची भाजी बाजारातूनच येणार होती. बागेकडून दोनच गोष्टी हव्या होत्या: आठवड्यातून एखाद्या दिवशी ताजी हिरवी भर, आणि वर्षभर मुलांच्या हाताखाली काहीतरी जिवंत वाढत राहणं. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताने काम करत शिकण्याची कल्पना, मांडली तेव्हाही, मुलांच्या हातकामातून शाळेचा खर्च निघावा की नाही यावर जोरात वाद झाला होता. माझं मत सांगायचं तर, प्राथमिक शाळेच्या बागेवर उत्पन्नाचं ओझं टाकूच नये. ते टाकलं की मुलांचं बघणं थांबतं आणि राबणं सुरू होतं.

मग बाईंनी कार्डशीटवर दोन पट्ट्या आखल्या. वरच्या पट्टीत शाळेचं वर्ष: जूनच्या मध्यावर सुरुवात, दिवाळीची सुट्टी, एप्रिलअखेर शेवट. खालच्या पट्टीत पाण्याचं वर्ष: जूनमध्ये पाऊस, ऑक्टोबरपर्यंत भरपूर, डिसेंबर-जानेवारीत जमिनीत ओल आणि विहिरीला पुरेसं पाणी, मार्चपासून टंचाई. दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकमेकींवर बसल्या. महाराष्ट्रातली शाळा खरिपाबरोबर उघडते आणि पाणी संपतं तेव्हा मिटत येते. मग बागेने उलट्या दिशेने का जायचं? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हीच पट्टी दाखवली. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि ते सगळे शेतकरी. त्यांना ती समजायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पावसाळा

पहिलं काम वाफ्यांचं. डोंगरी पावसात सपाट वाफ्यावर पाणी साचून बी कुजतं, म्हणून जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफे केले. माती एका पालकाने बांधावरची दिली, शेणखत प्रत्येक घरातून घमेलंभर आलं. रुंदी तीन फूट ठेवली. लहान मूल दोन्ही बाजूंनी बसलं की त्याचा हात मधोमध पोचला पाहिजे आणि वाफ्यात पाय पडता कामा नये. लांबी आठ फूट. यातूनच तिसरी-चौथीची परिमिती आणि क्षेत्रफळ सुतळी आणि पट्टी घेऊन मोजलं गेलं.

बी विकत आणायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. प्रत्येकाने घरून मूठभर आणायचं, आणि आणताना घरच्या मोठ्या माणसाला विचारायचं की हे कुठून आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सतरंजीवर जे मांडलं गेलं ते मी स्वतः पाहिलं. एकट्या वालाचेच इतके प्रकार की मुलं थक्क झाली: काळा, तांबूस, पांढरट, ठिपक्यांचा, प्रत्येक दाण्याच्या कडेला ती पांढरी शेंडी. शिवाय अंबाडी, राजगिरा, दोडका, डांगर, काकडी, भोपळा. एका मुलीने बी पदराच्या गाठीत बांधून आणलं होतं आणि पदर आजीचा होता, कारण आजी स्वतःच बरोबर आली होती. बी कधी आणि किती खोल टोकायचं, हे गुरुजींपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. त्या दिवशी तास तिनेच घेतला.

हा तालुका बियाण्यांच्या बाबतीत साधासुधा नाही. इथल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बीज बँक उभी केली आणि २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने जपलेलं हे ज्ञान शाळेच्या आवारात यावं, याहून चांगला परिसर अभ्यास मला सुचत नाही. आपण मुलांना ‘आपले परिसरातील मित्र’ वगैरे चित्रं दाखवतो, आणि ज्यांना हे सगळं येतं त्या आज्या फाटकाबाहेर नातवंडांची वाट बघत उभ्या असतात.

पेरण्याआधी उगवण तपासली. ओल्या फडक्यात दहा दाणे, वर दुसरं ओलं फडकं, गुंडाळी करून सावलीत. पहिली-दुसरीच्या मुलांनी रोज उघडून मोजायचं, चौथीच्यांनी शेकडेवारी काढायची. दहापैकी सात उगवले, म्हणजे शंभरपैकी किती? शेकडेवारीचा हा पहिला परिचय मला पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा सरस वाटला, कारण उत्तरावर पुढची कृती अवलंबून होती: सातच उगवत असतील तर एका आळ्यात दोन दाणे टोकायचे.

जुलैत मेथी कुजली. ती कुजणार हे आजीने सांगितलंच होतं, पण बाईंनी एक वाफा मुद्दाम पेरू दिला. वेलवर्गीय मात्र कुंपणाच्या कडेने तरारले, अळू फोफावलं, अंबाडी गुडघ्यापर्यंत आली. आणि वाफ्यांत तण माजलं. त्यात सगळ्यात जास्त कुर्डू. मुलांनी खुरपून त्याचा ढीग केला आणि उकिरड्यात टाकायला निघाली, तेव्हा मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या. ‘अरे, ही तर भाजी!’ कोवळी पानं त्यांनी खुडून घेतली, धुतली, लसूण-मिरचीत परतली. त्या दिवशी मुलांच्या ताटात बागेतली जी पहिली भाजी पडली ती पेरलेली नव्हती. बाईंनी वहीत ‘तण’ या शब्दाखाली दोन रकाने करायला सांगितले: टाकायचं आणि खायचं. टाकळा, कुर्डू, घोळ, तांदुळजा खायच्या रकान्यात गेले. अनोळखी पान मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, हा नियम त्याच पानावर लाल पेनाने लिहिला. रानभाज्यांबद्दल मुलांशी बोलताना हे वाक्य सुटू नये.

कुंपणाबद्दलही याच काळजीने विचार झाला. बोरी-बाभळीच्या काट्या दरवर्षी नव्याने लावाव्या लागतात, जाळी महाग. कुणीतरी मोगली एरंडाचं सुचवलं, कारण शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पण त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात आणि विषारी असतात. त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या वारंवार येतात. शाळेजवळ ते झाड नकोच. त्याऐवजी निरगुडीची छाटं लावली. तीही शेळ्या खात नाहीत, आणि पावसात सहज जीव धरते. पहिल्या वर्षी आतून काट्यांचा आधार दिला, दुसऱ्या वर्षी हेजच उभी राहिली.

‘खुरपायला पोरगी घरी काय वाईट होती?’

श्रावणात एक आई शाळेत आली. आवाज चढलेला. ‘बाई, खुरपायला पोरगी घरी काय वाईट होती? मग शाळेत कशाला धाडली?’ शेतकऱ्याच्या वाडीत हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. शहरातल्या शाळेत मातीत हात घालणं हा मुलांसाठी नवा अनुभव असतो. इथे ते घरचं रोजचं काम आहे, आणि आईबापांनी मूल शाळेत पाठवलं आहे ते त्यापलीकडचं काही मिळावं म्हणून. मुलांना बागेत नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाकडे या आईला देण्यासारखं उत्तर असायला हवं.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मुलीची वही आणली आणि तिला वाचायला सांगितलं. तिसरीतल्या त्या मुलीने उभं राहून वाचलं: वाफा क्रमांक, लांबी-रुंदी, किती दाणे टोकले, कितव्या दिवशी किती उगवले, वेलाची उंची दर सोमवारी किती, कुठलं पान कुणी खाल्लं त्याचं चित्र. मधे एक वाक्य होतं, ‘आज पाऊस नव्हता तरी माती ओली होती, मी बोट घालून बघितले.’ आई वही हातात घेऊन उलटी-सुलटी बघत राहिली. मग म्हणाली, ‘हे हिनं लिवलं?’

त्यानंतरच्या पालकसभेत शाळेने काही गोष्टी सगळ्यांसमोर कबूल केल्या. बागेला आठवड्यातले कार्यानुभवाचेच तास, भाषा-गणिताचा तास बागेसाठी मोडायचा नाही. बागेत गेलं की वहीत नोंद झालीच पाहिजे. आणि बागकाम ही शिक्षा कधीही नाही. उशिरा आला म्हणून पाणी घाल, गृहपाठ नाही म्हणून गवत काढ, असं करायचं नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्या मुलाला शिक्षा म्हणून मातीत पाठवलं, त्याच्या मनात मातीची जागा कायमची खाली जाते.

दुसरी एक गोष्ट कुणी तक्रार न करताच दिसली. पाणी आणायला मुली निघायच्या आणि कुदळ मुलं घ्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. घरून तसंच आलं होतं. बाईंनी जोड्या लावल्या, एक मुलगा आणि एक मुलगी, आणि कामाचा तक्ता भिंतीवर टांगला. या आठवड्यात ज्याने पाणी घातलं, पुढच्या आठवड्यात त्याच्या हातात खुरपं. पाण्यासाठी बादल्या बाजूला ठेवून तेलाचे रिकामे डबे आणले, लहान हातांना झेपतील एवढेच. पहिले काही दिवस दोन-तीन मुलं लाजून डबा लपवत असत. मग ते सवयीचं झालं.

न फुलणारा वाल

सप्टेंबर गेला. वालाच्या वेलांनी अख्खं कुंपण झाकलं, छपरावर चढले, पण फूल नाही. भेंडीला फुलं आली, दोडके लागले, काकड्या मुलांनी मीठ लावून खाल्ल्या, आणि वाल नुसता पानांचा. मुलं खट्टू झाली. ‘खत जास्त झालं,’ ‘माजलाय,’ ‘बी वांझ होतं,’ असे तर्क सुरू झाले. आजी मात्र निवांत. ‘थंडी पडू द्या,’ एवढंच म्हणाली.

आजीचं म्हणणं खरं होतं आणि त्यामागे एक सुंदर कारण आहे. जुन्या गावरान वालाला फुलायला दिवस लहान आणि रात्र मोठी व्हावी लागते. कितीही लवकर पेरा, तो दिवस मोजत थांबतो. बाजारातल्या सुधारित झुडपी वाणांमध्ये हा गुण काढून टाकलेला असतो, म्हणून ते कधीही फुलतात. हे बाईंना कृषी सहायकांकडून कळलं, आणि त्यांनी ते लगेच मुलांना सांगून टाकलं नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. चौथीच्या मुलांनी जूनपासूनच्या प्रत्येक महिन्याच्या एका तारखेचा दिवस किती तासांचा, हे वजाबाकीने काढलं. आपल्याकडे जूनअखेर दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरअखेर अकरा तासांवर येतो. आलेखाची रेघ खाली उतरत गेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा वेलावर जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचे तुरे होते. मग बाईंनी आलेखाकडे बोट दाखवून विचारलं, ‘वेलाला कसं कळलं?’

त्या प्रश्नावर वर्ग बराच वेळ अडला. एकाने म्हटलं, थंडी वाजली. दुसरीने म्हटलं, पण तुळशीला थंडी वाजते तेव्हा ती वाळते, वाल कसा फुलतो? ‘त्याला रात्र मोठी झालेली कळते’ इथपर्यंत मुलं स्वतः पोचली. चौथीच्या मुलांकडून मला एवढं पुरेसं आहे. विज्ञानातलं त्याचं नाव त्यांना पुढच्या वर्गांत मिळेल. तोवर हा वेल लक्षात राहील.

फुलांमागून मावा आला. शेंड्यांवर काळ्या बारीक किड्यांचा थर, त्यांच्यावर मुंग्यांची ये-जा. फवारणी करायची का, यावर चर्चा झाली. रासायनिक औषध शाळेच्या आवारात आणायचंच नाही, हे आधीच ठरलं होतं. निंबोळी अर्क करायचा तर एका लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड, एवढं गणित तयार होतं. पण त्याआधी बाईंनी आठवडाभर नुसतं पाहायला सांगितलं. एका मुलाला माव्याच्या गर्दीत काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी दिसली आणि तो ती चिरडणार होता. भिंगाखाली धरल्यावर दिसलं की ती मावा खात होती. ढालकिड्याचं ते पिल्लू. मोठा झाल्यावरचा लाल, ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांच्या ओळखीचा असतो, पण त्याची अळी कुणी ओळखत नाही, आणि शेतात ती किडीबरोबर मारली जाते. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने घरच्या वालावर तशीच अळी शोधून वडिलांना दाखवली, असं त्याने येऊन सांगितलं. अर्क शेवटी एकदाच, जास्त खराब झालेल्या वेलांवर फवारला.

हिवाळा आणि बंद करण्याची तयारी

थंडीत वाफे बदलले. आता पाणी साठवायचं होतं, म्हणून गादीवाफे मोडून कडांना बांध घातलेले सपाट वाफे केले. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. मुळा तीन-चार दिवसांत उगवतो आणि मेथी महिन्याभरात काढायला येते, म्हणून पहिली-दुसरीला हेच द्यावं. त्या वयात दोन महिने वाट बघवत नाही. पाण्याचा मोठा भाग हात धुण्याच्या जागेतून मिळाला. जेवणाआधी एका मुलाला अर्धा लिटर पाणी लागतं असं धरलं तरी रोज वीस लिटर. साबणाचं हे पाणी एका चरातून अळू, केळ आणि पपईला सोडलं. पालेभाजीला मात्र स्वच्छ पाणीच. भांड्यांचं तेलकट खरकटं पाणी कुठेच सोडलं नाही. त्याने माती चिकट होते आणि उंदीर येतात.

आठवड्यातून एकदा मावशी बागेतून भाजी न्यायच्या. आधी मुलं वजन करायची, मग वहीत लिहायची, मग ती भाजी खिचडीत पडायची. मेथी बाजूला काढणारी मुलं सगळी लगेच खाऊ लागली असं मी म्हणणार नाही. पण आपल्या वाफ्यातली आहे म्हटल्यावर चाखून तरी बघायची, हे मी पाहिलं आहे.

फेब्रुवारीत एक अडचण आली जी कुठल्या मार्गदर्शक सूचनेत सापडणार नाही. आवारातल्या झाडांची पानगळ खड्ड्यात टाकून खत करायचं ठरलं होतं. पण या भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. उन्हाळ्यात वाफ्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या रचून जाळतात, आणि शाळेतला पाला दरवर्षी एक पालक त्यासाठी नेत असत. पाला जाळू नका, असा धडा मुलं परिसर अभ्यासात शिकतात आणि घरी राब भाजला जातो. गुरुजींनी इथे उपदेश केला नाही. पाला दोघांत वाटून घेतला आणि त्या पालकांनाच वर्गात बोलावून राब का भाजतात ते सांगायला लावलं: तणाचं बी मरतं, रोप जोमदार येतं. मुलांनी धुराबद्दल प्रश्न विचारले. उत्तर ठाम निघालं नाही, आणि ते तसंच वहीत लिहिलं गेलं. पर्यावरणाचं शिक्षण म्हणून मी याला घोषवाक्यांच्या फेरीपेक्षा खूप वर ठेवते.

मार्चच्या सुरुवातीला बाग मिटली. वाळलेल्या शेंगा काढल्या, सोलल्या, उन्हात वाळवल्या. दाताखाली दाणा कटकन वाजला की वाळला, ही आजीची परीक्षा. चुलीतली राख चाळून, निववून, बियांत कालवली आणि गाडग्यांत भरली. राखेमुळे भुंगेरे लागत नाहीत. प्रत्येक गाडग्यावर चिठ्ठी: वाण, कुणाच्या घरचं, महिना. वाफ्यांवर पाल्याचा जाड थर. उभं राहिलं ते फक्त शेवगा, कढीपत्ता आणि निरगुडी. अळूचे कंद आणि सुरण मातीत झोपले. सुट्टीत कुणावर पाणी घालायची पाळी नव्हती.

नंतर जेव्हा बागेची पाहणी झाली, तेव्हा आलेल्यांना झाकलेले वाफे दिसले आणि गुण कमी पडले. बाईंनी वह्या आणि गाडगी दाखवली, पण त्यांच्यासाठी रकाना नव्हता. गुरुजींना वाईट वाटलं, आणि मलाही. डोंगराळ टंचाईच्या भागातली बाग उन्हाळ्यात हिरवी दिसावी अशी अपेक्षा ठेवली की शाळा पाण्याचा चुकीचा वापर शिकवायला लागते. पाहणी ऑगस्टमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा व्हावी, एवढी साधी मागणी मी इथे नोंदवते. मुलांची वही हा त्या पाहणीचा पहिला पुरावा असावा.

दुसऱ्या वर्षी

जूनमध्ये गाडगी उघडली. दोन गाडग्यांत राख कमी पडली होती, तिथला वाल भुंगेऱ्यांनी पोखरला होता. बाकीचा चांगला उगवला. वाफे पाल्याखाली भुसभुशीत राहिले होते, कुदळ फारशी लागली नाही. या वेळी उगवण तपासायचं काम नव्या चौथीने स्वतःहून हातात घेतलं, कारण तिसरीत असताना त्यांनी ते बघितलं होतं.

वाल जसा पेरला तसाच आला. तो बहुतांशी आपल्याच फुलातल्या परागाने शेंग धरतो, म्हणून काळ्याचा काळा आणि ठिपक्यांचा ठिपक्यांचा. डांगराचं तसं झालं नाही. गोल, शिरा असलेल्या डांगराच्या बियांतून लांबट, दुधीसारखी फळं आली आणि ज्या घरचं बी होतं त्या घरातून निरोप आला, ‘हे आमचं नाही.’ आदल्या वर्षी एका कुंपणावर वेगवेगळ्या घरांचे डांगराचे वेल होते, मधमाश्यांनी परागांची अदलाबदल केली होती. चव चांगली होती, मावशींनी भाजी केली. पण बी ठेवायचं की नाही?

मुलांनी ठरवलं की त्या लांबट डांगराचं बी वेगळ्या गाडग्यात, ‘शाळेचं’ अशी चिठ्ठी लावून ठेवायचं. आणि मूळ घरचं बी जपायचं तर पुढच्या फुलावर काम करायचं. बाईंनी नर फूल आणि मादी फूल ओळखायला शिकवलं. मादी फुलाच्या मागे इवलंसं डांगर असतं. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्यांना दोरा बांधायचा, सकाळी लवकर येऊन दोरा सोडायचा, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाला हाताने लावायचा, आणि पुन्हा दोरा. डांगराची फुलं पहाटेच उमलतात. त्यामुळे सध्या चौथीतली काही मुलं परिपाठाच्या आधी अर्धा तास शाळेत येऊन बसतात, आणि कुठल्या वेलाला लाल दोरा, कुठल्याला निळा, हे वहीत लिहून ठेवतात.